आहे, पण सापडत नाही

सकाळच्या वेळी ग्रंथपालबाईंच्या घरात तीन माणसं आणि एक न्हाणीघर यांचं गणित रोज नव्याने सोडवावं लागे. सासूबाईंना गरम पाणी आधी हवं, कारण त्याशिवाय त्यांचे गुडघे हलायला तयार नसत. नवऱ्याला आरसा आधी हवा, कारण ऑफिसची गाडी कोपऱ्यावर कुणासाठी थांबत नसे. बाईंचं मागणं एवढंच, की दोघांनी एकाच वेळी हाक मारू नये. त्या बुधवारी कुकरने शिट्टी दिली, सासूबाईंनी “अगं, पाणी कोमट झालं” म्हणून आवाज दिला, नवऱ्याने “माझा एकच मोजा कसा काय?” हा नेहमीचा सवाल टाकला आणि तेवढ्यात दार वाजलं.

बेल असताना दार ठोकणारा माणूस एक तर घरातलाच असतो, नाहीतर भांडायला आलेला. बाईंनी दार उघडलं तर समोर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी. केस ओले, पाठीला सॅक आणि हातातला फोन पुढे धरलेला, जणू तक्रारअर्जच.

“मॅडम, तुम्ही आत्ताच्या आत्ता काहीतरी करा. घुबडांनी लबाडी केलीय.”

“कुठे शिरलं घुबड?” आतून सासूबाईंचा आवाज आला. “खिडकी लावा आधी!”

बाईंना ही घुबडं माहीत होती. ‘घुबड’ हे ग्रंथालयाच्या खेळातल्या, दुसऱ्या वर्षाच्या एका गटाचं नाव, आणि दारातली मुलगी ‘वादळ’ गटाची पुढारी. तिचं खरं नाव त्यांना पटकन आठवेना. गेले दोन महिने ती त्यांच्या संगणकावर वादळ म्हणूनच झळकत होती, पहिल्या नाहीतर दुसऱ्या क्रमांकावर.

“आत ये. चहा घेशील?”

“नको. मॅडम, तिसऱ्या फेरीतलं एक पुस्तक जागेवर नाहीये. मी काल अख्खी मांडणी पालथी घातली. घुबडांनी ते उचलून दुसऱ्याच आकड्यात नेऊन ठेवलंय, आम्हाला मिळू नये म्हणून. त्यांचे गुण कापा.”

“अगं, कुणीतरी वाचून चुकीच्या फळीवर ठेवलं असेल.”

वादळ हसली. लहान मुलाला समजवावं तसं हसली. “चुकून कसं ठेवेल कुणी? मॅडम, सगळेच लपवतात. आपलं उत्तर टाकून झालं की पुस्तक हलवायचं, म्हणजे मागचा बसतो शोधत. आम्ही पण...” आणि तिने जीभ चावली.

“तुम्ही पण?”

“थोडीच. आणि बाहेर नाही नेली हं! पुस्तक ग्रंथालयाबाहेर नेऊ नये, पान दुमडू नये, खुणा करू नयेत. सगळे नियम पाळलेत आम्ही. हलवू नये असं कुठे लिहिलंय?”

खरंच कुठे लिहिलं नव्हतं. नियम बाईंनी स्वतः लिहिले होते, दोनदा तपासले होते, आणि चहाची गाळणी हातात धरून त्या दारातच उभ्या राहिल्या.

बाईंची ओळख करून द्यायची तर कॉलेजातल्या मुलांपासून सुरुवात करावी लागेल, कारण मुलांनी त्यांना ‘शांतताबाई’ असं नाव ठेवलं होतं. हे नाव आपल्याला माहीत नाही, असं बाई दाखवत. दरवर्षी जून उजाडला की पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं राहून त्या ग्रंथालयाची ओळख करून देत. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा म्हणजे वर्गांक. तो त्या पुस्तकाचा घरपत्ता. पत्ता समजला की पंचेचाळीस हजार पुस्तकांतून हवं ते पुस्तक दोन मिनिटांत हाती लागतं. पुढच्या बाकांवरची मुलं आदराने डोळे उघडे ठेवून झोपत, मागच्या बाकांवरची मुलं तेवढाही आदर दाखवत नसत. मग प्रकल्प लिहायची वेळ आली की हीच मुलं फोनवर सगळ्यात वर आलेलं पहिलं पान उचलत आणि शेवटी संदर्भ म्हणून लिहीत, ‘इंटरनेट’. बाईंना वाटे, हे म्हणजे पाहुण्याने पत्ता म्हणून ‘पृथ्वी’ लिहून देण्यासारखं झालं.

तक्ते लावून झाले, फेऱ्या काढून झाल्या, बक्षिसं ठेवून झाली. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी बहिणीची मुलगी सुट्टीला आली होती, ती म्हणाली, “मावशी, ही मुलं डोळे लाल होईपर्यंत खेळत बसतात. तू व्याख्यान कसलं देतेस? खेळच दे.” भाची संकेतस्थळं बनवायचं काम करणारी. जेवणाच्या टेबलावर बसून मावशी-भाचीने खेळ रचला. पहिली फेरी फोनवरच खेळायची: ग्रंथालयाच्या सूचीत योग्य शब्द टाकून पुस्तकं शोधायची. दुसऱ्या फेरीत दोन मजकूर समोर यायचे, त्यातला भरवशाचा कोणता ते ओळखायचं. तिसरी फेरी खरी. खेळ एक कोडं घाली, त्यावरून सूचीत पुस्तक शोधायचं, वर्गांक घ्यायचा, पायांनी चालत मांडणीपाशी जायचं, पुस्तक उघडायचं आणि आतल्या शिक्क्यावरचा दाखल क्रमांक खेळात टाकायचा. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, पुढे उतरत जायचं.

हे उतरते गुण म्हणजे बाईंची खास युक्ती. मुलं एकमेकांना क्रमांक सांगून टाकतील, ही त्यांची मोठी धास्ती होती. सगळी अक्कल त्यांनी कॉपी रोखण्यात खर्च केली. “सांगितलं तर आपलेच गुण मागे पडणार. मग कोण कशाला सांगेल?” असं त्या भाचीला अभिमानाने म्हणाल्या होत्या. भाचीने टाळी दिली होती.

आणि खेळ चालला. चालला म्हणजे काय, धावत सुटला! वाचनकक्षात बसायला खुर्ची मिळेना. कँटीनमध्ये मुलं दशांश चिन्हासकट वर्गांक बोलू लागली. प्राचार्यांनी प्रवेशद्वाराजवळ मोठा पडदा लावून घेतला, त्यावर गटांचे क्रमांक दिवसभर फिरू लागले. बाई घरी येऊन सांगत आणि सासूबाई प्रत्येक वेळी विचारत, “म्हणजे आता पोरं वाचतात का?” “वाचायला लागतील, आई. निदान पुस्तकापाशी तरी जातात.”

पुस्तकापाशी जातात हे खरंच होतं. फक्त त्यांच्यामागून जाणाऱ्याला तिथे पुस्तक नसे.

गेले काही आठवडे बाईंना ते जाणवत होतं. सूची म्हणे ‘उपलब्ध’, फळीवर मात्र दोन पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट. गर्दी वाढली, हात वाढले, थोडा गोंधळ व्हायचाच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण एका पुस्तकाबाबतीत ती समजूत पुरत नव्हती.

ते पुस्तक म्हणजे गावाच्या पाणीपुरवठ्याचा जुना अहवाल. जाड, काळपट निळ्या बांधणीचा, एकच प्रत, घरी न देण्याचा. तो वाचायला एकच व्यक्ती येई, दर गुरुवारी दुपारी. पाणी खात्यात मीटर वाचणारी ही तरुण बाई दारोदार फिरून आकडे टिपून घ्यायची आणि उरलेल्या वेळात बाहेरून एम.ए. करायची. नळ आधी कोणत्या वस्तीत आले, कोणत्या वस्तीत कितीतरी वर्षांनी आणि का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिने अहवालातले तक्ते उतरवून घेतले होते, पण पान क्रमांक टिपायचे राहून गेले होते. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं, पान क्रमांकांशिवाय प्रबंध स्वीकारणार नाही. या शनिवारी शेवटची तारीख. चुकली तर वर्ष गेलं.

मागचे दोन गुरुवार ती रिकाम्या हाताने परत गेली होती. बाईंना तिला सांगावं लागलं होतं, “आहे, पण सापडत नाही.” हे वाक्य इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंनी वाचकाला म्हटलं नव्हतं. पुस्तक नसेल तर नाही म्हणायचं, बाहेर गेलं असेल तर कधी येईल ते सांगायचं. आहे पण सापडत नाही, हे ग्रंथपालाने म्हणायचं म्हणजे आईने पोराबद्दल ‘घरातच असेल कुठेतरी’ म्हणण्यासारखं.

“पाणीपुरवठ्याचा अहवाल,” बाईंनी दारातच विचारलं. “तो होता ना तिसऱ्या फेरीत?”

“तो निळा? हो, तो आमचाच!” वादळ खुलली. “म्हणजे आम्हीच पहिला शोधला. दहा गुण.”

“आणि मग?”

वादळने मान खाली घातली. पण चेहऱ्यावरचं कौतुक काही तिला झाकता येईना. “सांगते. पण मॅडम, आधी ऐका तरी, काय डोकं लावलं होतं.”

डोकं खरंच लावलं होतं. वर्गांक ६२८, म्हणून सगळे तिथे आणि आसपास शोधणार. अडाणी माणूस शेजारच्या फळीवर लपवतो. वादळने आकडा उलटा केला, ८२६, आणि जाड निळा अहवाल पत्रसंग्रहांच्या रांगेत उभा केला, कारण तिथेही जाड निळ्याच बांधणीचे खंड होते. बाई ऐकत होत्या आणि रागावावं की पाठ थोपटावी ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांत कुठल्याही जूनमध्ये कुठल्याही मुलाने त्यांचं व्याख्यान इतकं पचवलं नव्हतं.

“शिकवलंस ना?” मोजा सापडलेला नवरा जाता जाता म्हणाला. “मग शिकली पोरं. आता का तोंड पाडतेस?”

“अहो, तुम्ही निघा बरं.”

कॉलेजात पोचल्यावर वादळ तरातरा पुढे आणि बाई मागे. पत्रसंग्रहांची रांग. वादळने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, वाकून फळीच्या मागे बघितलं. अहवाल नव्हता.

“इथेच ठेवला होता मी. कुणीतरी परत हलवलाय!” ती मनापासून दुखावली होती. “लोक किती लबाड असतात ना, मॅडम?”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

प्राचार्यांच्या खोलीत एक पडदा आतही होता. बाई गेल्या तेव्हा ते त्याच्याकडेच बघत होते. माणूस वाईट नव्हता. पण ग्रंथालय हा विषय निघाला की ‘वीज किती जळते’ असं विचारणारा, आणि आता दोन महिन्यांपासून त्याच ग्रंथालयाचं नाव काढलं की फुलणारा.

“या, या! तपासणी समिती पुढच्या मंगळवारी येतेय. तुमचा खेळ त्यांना आधी दाखवायचा, बाकी सगळं नंतर.”

“सर, तो खेळ मला थोडे दिवस थांबवायचाय.”

बाईंनी सगळं सांगितलं. प्राचार्यांनी पेनचं टोपण तीन वेळा उघडलं आणि मिटलं.

“किती पुस्तकं म्हणालात?”

“आतापर्यंत कळलेली चाळीसेक. न कळलेली किती, ते कसं सांगू?”

“पंचेचाळीस हजारात चाळीस! मॅडम, तुमचं ग्रंथालय ओस पडलं होतं तेव्हा तुम्ही याच खुर्चीत बसून रडला होतात. आता पाय ठेवायला जागा नाही, तरी रडताय. मी करायचं तरी काय?”

“सर, हरवलेलं पुस्तक मागवता येतं. पण हे हरवलेलं नाही. सूचीत आहे, इमारतीत आहे, फक्त हातात येत नाही. आणि एका मुलीचं वर्ष त्याच्यावर अडलंय.”

“आपल्या कॉलेजची आहे?”

“नाही. बाहेरून परीक्षा देते. आपल्याकडे वाचक म्हणून येते.”

“हं,” प्राचार्य म्हणाले, आणि त्या ‘हं’मध्येच सगळं आलं. “हे बघा. समिती होऊन जाऊ दे. मग थांबवा, बदला, हवं ते करा. मंगळवारपर्यंत पडदा बंद करायचा नाही.”

शनिवार मंगळवारच्या आधी येतो, हे प्राचार्यांना सांगून उपयोग नव्हता. बाई उठल्या.

बुधवारची उरलेली दुपार आणि गुरुवारची सकाळ बाईंनी मांडण्यांमध्ये काढली. फळ्या वाचायच्या म्हणजे एकेका पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा बघत पुढे सरकायचं. मान एका बाजूला कलते, डोळ्यांसमोर दशांश नाचू लागतात. शेतीच्या पुस्तकांत कायदा सापडला, कायद्यात मधुमेह, पाककृतींमध्ये भूकंप. प्रत्येक ठिकाणी बाईंना लपवणाऱ्याचं डोकं ओळखू येऊ लागलं. हा आकडे उलटे करणारा, ही रंग जुळवणारी, हा आळशी, नुसताच मागच्या रांगेत ढकलणारा. निळा अहवाल मात्र कुठेच नाही. पाय सुजले, चष्म्याचा ठसा नाकावर उमटला आणि निम्म्याहून जास्त मांडण्या बाकीच.

गुरुवारी दुपारी मीटरवाली आली. खांद्याला खात्याची पिशवी, पायात धुळीने माखलेले बूट. काउंटरपाशी येऊन तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“अजून नाही गं,” बाई म्हणाल्या.

“बरं.”

ती भांडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. “तू बस ना. मी अजून शोधतेय.”

“मॅडम, कुलूपबंद घरांच्या दाराला मी रोज चिठ्ठी लावते. ‘आलो होतो, भेट झाली नाही.’” ती थोडंसं हसली. “लोक किती चिडतात, ते आता कळतं मला.”

“पान क्रमांक आठवतात का अंदाजे? अंदाजाने...” आणि बोलता बोलताच बाईंना स्वतःची लाज वाटली. अंदाजाने लिहू नका, हेच शिकवायला तर सगळा खटाटोप मांडला होता.

“अंदाजाने नको, मॅडम. मीटर अंदाजाने लिहिलं की खात्यात काय ऐकावं लागतं ते ठाऊक आहे मला. मी शनिवारी सकाळी येऊन जाते. उघडं असेल ना?”

“मी असेन,” बाई म्हणाल्या. ग्रंथालय शनिवारी उशिरा उघडायचं. पण त्या म्हणाल्या, “मी असेन.”

ती गेल्यावर बाई तडक दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेल्या. तास संपला होता, मुलं उठायच्या बेतात होती. शांतताबाई वर्गात आलेल्या बघून शांतता झाली, आपोआप.

“पाणीपुरवठ्याचा निळा अहवाल शेवटचा कुणी हलवला?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग घुबडांपैकी एकाने हात वर केला. “मॅडम, हे सांगितलं तर किती गुण?”

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. “गुण नाहीत.”

“मग कापणार का?”

“कापणारही नाही.”

“मग फायदा काय सांगून?” त्याने अगदी निरागसपणे विचारलं. वर्ग हसला नाही. सगळ्यांना तो प्रश्न रास्त वाटला होता, हेच बाईंना जास्त लागलं.

“आम्ही तो पत्रांमधून काढून इतिहासात ठेवला होता,” घुबडांतली एक मुलगी म्हणाली. “पण तिथून गायब झाला.”

“इतिहासातून आम्ही काढला,” मागून कुणीतरी. “पण मग आम्ही जिथे ठेवला तिथेही नव्हता.”

“कुठे ठेवला होतात?”

“ते कसं सांगणार, मॅडम? ती आमची नेहमीची जागा आहे. अजून फेरी चालू आहे.”

वादळ उठून उभी राहिली. “अरे, सांगून टाका ना! मॅडम सकाळपासून शोधतायत!”

“तू कशाला मध्ये बोलतेस? पहिल्यांदा तर तूच हलवलास!”

आणि वर्गात असा गलका उडाला, की शांतताबाईंना आपलं टोपणनाव त्या दिवशी फुकट गेल्यासारखं वाटलं. मीटरवालीची गोष्ट त्यांनी सांगायला घेतली, पण ‘बाहेरून परीक्षा देणारी एक मुलगी’ एवढं बोलेपर्यंत पुढच्या तासाचे सर दारात येऊन घड्याळ बघू लागले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी पर्स खुर्चीत टाकली आणि स्वतःही शेजारी टाकल्यासारख्या बसल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे लपाछपी शिकवलीस तू पोरांना,” त्या म्हणाल्या, “आणि राज्य आलं तुझ्यावरच.”

“आई, हसू नका हो.”

“हसत नाहीये. आमच्या लहानपणी राज्य असलेला दमला की म्हणायचा, बास, आता बाहेर या. मग यायचेच सगळे. न येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोण खेळात घेणार?”

“मी वर्गात तेच विचारलं. विचारतात, किती गुण?”

“वर्गात कशाला विचारलंस? खेळ चाललाय कुठे?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठून जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला, जिथे तो खेळ पहिल्यांदा रचला गेला होता. शुक्रवारी सकाळी नवी कोडी उघडायची होती, पाच रचून तयार होती. बाईंनी ती पाचही काढून टाकली. पडदा बंद करायचा नाही, असं प्राचार्य म्हणाले होते. पडदा चालूच राहणार होता.

त्यांनी एकच नवा प्रश्न लिहिला आणि गुणांच्या चौकटीत शून्य टाकलं. संगणकाने लाल अक्षरांत सुनावलं, ‘एक ते दहा यांमधला आकडा टाका.’ बाईंनी चौकट रिकामी ठेवून बघितली. तरी तेच. “अरे, नाही ना द्यायचे गुण!” त्या संगणकावर ओरडल्या, तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. शेवटी भाचीला फोन लावला.

“शून्य गुणांचा प्रश्न?” भाची म्हणाली. “मावशी, तो सोडवणार कोण?”

“ते मला माहीत नाही. तू आधी खेळ तो घेईल असं कर.”

भाचीने केलं. लाल अक्षरं गेली. बाईंनी चष्मा पुसला, प्रश्न पुन्हा एकदा वाचला, त्यातलं रागाचं एक वाक्य होतं ते खोडलं, मीटरवालीबद्दल लिहिलेलं तेवढं ठेवलं आणि बटण दाबलं. प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या पडद्यावर आणि सगळ्यांच्या फोनवर सकाळी एवढंच दिसणार होतं:

‘या प्रश्नाला गुण नाहीत. पाणीपुरवठ्याचा निळा अहवाल, वर्गांक ६२८.१, एकच प्रत. एका वाचकाला शनिवारी सकाळी त्यातले पान क्रमांक बघायचे आहेत, नाहीतर तिचं वर्ष जाईल. ज्याने तो शेवटचा हलवला असेल, त्याने नाव सांगू नये. फक्त तो जागेवर आणून ठेवावा.’